सातव्या दरीचा पहारा

तक्रार एका खेळाडूची होती.

"दोन तास डोंगर चढून सातव्या दरीत पोचलो. गावातल्या एका म्हातारीला विचारलं, नागिणीची गुहा कुठे आहे. तिने बराच वेळ काहीतरी सांगितलं, हातवारे केले, शेवटी माझा दंड धरून ओरडली. मी गुहेत गेलो आणि मेलो. इथले गावकरी मराठी बोलत नाहीत. कृपया सुधारणा करावी."

वैजयंता सोळुंकेला आधी हसू आलं आणि मग ते मावळलं. म्हातारी त्याला जाऊ नकोस म्हणत होती, हे तिला न बघताही कळलं. या महिन्यातली ही अशी सहावी तक्रार.

वैजयंता 'सप्तदरी' या खेळाची भाषा-निरीक्षक होती. कंपनी पुण्याची, ती बसायची लातूरच्या शाखेत. खेळ म्हणजे काय, तर चष्मा लावायचा, योद्धा, जादूगार किंवा तिरंदाज व्हायचं आणि सात दऱ्यांच्या एका काल्पनिक मुलखात हिंडायचं. नागिणी, यक्ष, मंतरलेल्या तलवारी, सगळं होतं. असे खेळ पूर्वीही होते, पण त्यांतले गावकरी पाठ केलेली दहा वाक्यं बोलत. सप्तदरीतले गावकरी जन्माला येत. मूल आईबापाचं, शेजाऱ्यापाजाऱ्यांचं ऐकून बोलायला शिके. त्याला शब्दकोश दिलेला नसे, व्याकरण दिलेलं नसे. कानावर पडेल त्यातून आपले नियम आपण बांधायचे, मोठं व्हायचं, आपल्या पोरांच्या कानावर आपलं बोलणं घालायचं आणि म्हातारं होऊन मरायचं.

पहिल्या पिढीच्या तोंडी मात्र काहीतरी घालायला हवं होतं. त्यासाठी कंपनीने सात माणसांचं बोलणं टिपून घेतलं होतं. त्याला ऑफिसात 'बियाणं' म्हणत. सातव्या दरीचं बियाणं होतं निलंग्याचे कीर्तनकार काशिनाथबुवा सोळुंके यांचं बोलणं. ते वैजयंताचे वडील. बोलणं टिपून झालं आणि वर्षभरात बुवा गेले. खेळ त्यानंतर बाजारात आला.

बाजारात येऊन सत्तर दिवस झाले होते. सातव्या दरीत मात्र सातशे वर्षं उलटली होती.

हे असं कसं, ते सांगायला हवं. ज्या दरीत खेळाडू असेल तिथला काळ आपल्याच चालीने चाले, कारण माणसाला समोरच्याशी बोलायचं असतं. दरी रिकामी झाली की यंत्र तिथला काळ पळवत असे: जन्म, लग्नं, पेरण्या, भांडणं, मरणं आणि मुख्य म्हणजे बोलणं. खेळाडूला दर खेपेला काही नवं दिसावं, नवा राजा, वाहून गेलेला पूल, म्हणून ही सोय. आपला एक दिवस म्हणजे तिथली दहा वर्षं. पहिल्या दरीत सदा गर्दी, म्हणून तिथे अजून पहिलीच पिढी. सातवी दरी डोंगरापलीकडे. तिकडे आठवड्यातून दोन-तीन जण फिरकत.

आणि सातशे वर्षांत बोलणं झिजतं, उंबरा झिजतो तसं. जिथे पाय जास्त पडतो तिथे आधी. 'आहे'चा नुसता 'ए' राहिला होता. 'ह' हा उच्चार दरीतून पार उडाला होता. पोरांना जी रूपं अवघड वाटली ती त्यांनी सोपी करून टाकली, आणि ती पोरं आजोबा झाली तेव्हा तेच शुद्ध ठरलं. तिथली शेती खडकावरच्या शेवाळाची, म्हणून शेवाळाला अठरा शब्द झाले होते, आणि 'समुद्र' हा शब्द पाळण्याच्या एका गाण्यापुरता उरला होता, अर्थ कुणालाच ठाऊक नसलेला. ओढ्याच्या अलीकडचे लोक पलीकडच्यांची नक्कल करून हसत. यातलं कुणी काही ठरवून केलेलं नव्हतं.

दुपारी पुण्याहून पेंडसे सरांचा फोन आला. ते खेळाचे प्रमुख.

"वैजयंताताई, सातवीचा उमज-अंक किती?"

"एकोणीस."

शंभरातली किती वाक्यं खेळाडूला कळतात, तो उमज-अंक. चाळीसच्या खाली गेला की दरी मूळपदावर न्यायची, असा नियम होता.

"मग नेऊ या. पहिल्या दिवसापासून पुन्हा. तुमच्या वडिलांच्याच भाषेपासून, म्हणजे तुम्हाला आनंदच व्हायला हवा."

"आत्ता तिथे साडेतीनशे माणसं आहेत, सर."

"माणसं की काय, तो वाद आपण चहाच्या वेळेला घालतो, ताई. कामाच्या वेळेला नको."

"चष्म्यातल्या अनुवादक-यंत्राला ती भाषा शिकवता येईल."

"अहो, कशी? सलग सात दिवस, रात्रंदिवस, त्याच त्या माणसांशी बोलणं झालं पाहिजे तेव्हा तो शिकतो. एकशे अडुसष्ट तास. आणि एका माणसाला चष्मा दिवसाला तीनच तास, डोळ्यांचा सरकारी नियम आहे. तुम्ही एकट्या गेलात तर किती दिवस?"

"छप्पन्न."

"तेवढ्यात तिकडे पाचशे वर्षं. तुम्ही बादली सोडेपर्यंत विहीर पुढच्या गावाला. आणि रात्रंदिवस पाळ्या लावायला माझ्याकडे माणसं नाहीत." पेंडसे माणूस वाईट नव्हता. पुढे म्हणाला, "करारात वारसाची संमती लागते. तुमच्या आईंची सही घ्या. त्यांनी हरकत घेतली तर आठ दिवसांची मुदत मिळते, त्यात अंक चाळीसला आला तर दरी राहील. पण हरकत त्या कशाला घेतील?"

*

खरंच कशाला घेतील? निलंग्याला घरी पोचून वैजयंताने सगळं सांगितलं तेव्हा कलावतीबाई पालेभाजी निवडत होत्या. त्यांनी हात पदराला पुसले.

"सही कुठं करायची?"

"आई, पुरतं ऐकून तरी घे."

"ऐकलं की. तिथली माणसं पुन्हा ह्यांच्यावाणी बोलतील म्हणलीस. मग?"

"बाबांचं रेकॉर्डिंग आहे की तुझ्याजवळ. चाळीस तासांचं."

"पाठ झालंय मला. कुठं खोकले तेबी पाठ झालंय. पण मी 'अवं, चहा टाकू का' म्हणलं तर रेकॉर्डिंग जवाब देतंय का? ती माणसं देतील."

पहिली पिढी खरोखरच बाबांसारखी बोलत असे. थट्टा करण्याआधीचा तोच खाकरा, वाक्य अर्ध्यावर सोडून श्रोत्याकडे बघण्याची तीच रीत. पहिले काही दिवस वैजयंता रोज जाऊन बसे आणि डोळे पुसत बाहेर येई. कलावतीबाईंचं तेव्हा नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डॉक्टरांनी चष्म्याला पंधरा दिवस बंदी केली. बंदी उठेपर्यंत ती माणसं केव्हाच म्हातारी होऊन मेली होती, आणि त्यांची पोरंसुद्धा. बंदी उठल्यावरही आई कधी दरीत गेली नाही.

"आणि आत्ता आहेत ती माणसं?" वैजयंताने विचारलं.

"ती कोण माझी?"

"बाबांच्याच बोलण्यातून आलीत ती."

"वैजू, तुला तुझ्या नोकरीतली माणसं प्यारी, मला माझा माणूस. ह्यात भांडायचं कामून?"

"भांडत नाही. एकदा आत येऊन बघ. मग मी स्वतः पेन देते."

*

कंपनीच्या सवयीप्रमाणे नव्या खेळाडूला जादूगाराचा वेष मिळाला.

"अगं बाई, केसं जांभळी झाली माझी! आन ही काठी कशाला? कंबर धड आहे माझी अजून."

"ती जादूची आहे, आई."

"असू दे. जड आहे."

शेवाळाची कापणी संपली होती. चौकात पन्नासेक माणसं बसली होती आणि एका सपाट दगडावर चाळिशीची एक बाई उभी होती. तिचं नाव तावी, हे वैजयंताला आधीच्या भेटीवरून माहीत होतं. तावीने डोळे मिटले आणि सूर लावला.

'नामाची भाकर, वाटता वाढली...'

कलावतीबाईंनी काठी घट्ट धरली. बुवांनी स्वतः बांधलेलं ध्रुपद होतं ते. शब्दही जसेच्या तसे. बोलण्यातला शब्द झिजतो, पण चालीत बसलेला शब्द झिजत नाही. एक मात्रा कमी झाली की गाणाऱ्याच्या जिभेला खड्डा लागतो. सातशे वर्षं या लोकांनी ती ओळ तशीच गायली होती, अर्थ दर पिढीला थोडा धूसर होत असताना. म्हणून दर पिढीतलं कुणीतरी दगडावर उभं राहून ती ओळ गाई आणि मग समोरच्यांना कळेल अशा त्या दिवसाच्या बोलीत सोडवून सांगे. बुवांनी उभा जन्म दुसरं काय केलं होतं?

गाणं थांबलं आणि तावी बोलू लागली.

"चाल खरी आहे," कलावतीबाई कुजबुजल्या. "पुढं काय बोलायलीय? कान फुटल्यावाणी झालं."

वैजयंताला निम्मं-अर्धं कळत होतं. तेवढं ती सांगत गेली. "दुष्काळाचं वर्ष. एका बाईकडे एकच मडकं. तिचा नवरा गात गावोगाव हिंडतो, आणि परत येताना अकरा गावांना जेवायला घेऊन येतो..."

"किती?"

"अकरा."

कलावतीबाईंची मान वळली. तावीने दोन्ही हात वर केले आणि सगळा चौक तिच्याबरोबर म्हणाला, "पानि वाड, पंगित न मोड!"

हे कळायला अनुवादक लागला नाही.

"त्या बाईला काय म्हणतात हे?"

"घर्चीमाय. यांच्या सगळ्या गोष्टींत ती असते. भांडण मिटवायचं झालं, पोराचं नाव ठेवायचं झालं, तर घर्चीमायने काय केलं असतं ते बघतात."

कलावतीबाई तिथेच दगडाला टेकून बसल्या.

"अकरा गावं न्हाईत गं," त्या म्हणाल्या. "अकरा माणसं. तू तीन वर्षांची होतीस. ह्यांनी भजनी मंडळ न सांगता जेवायला आणलं. पिठलं चौघांपुरतं. मी पाणी घालीत गेले आन चुलीपुढं रडत गेले. आन दुसऱ्या दिवशी कीर्तनात ह्यांनी सांगितलं, 'आमच्या घरच्यांनी काल पिठल्याची गंगा केली, मंडळी पोहून पैलतीरी गेली.' सगळं गाव हसलं. मग दरसाल तेच, गावोगाव. मी बायांच्या पुढच्या रांगेत बसलेली."

"तू मला कधी बोलली नाहीस."

"बोलायचं काय? कीर्तनात सांगितलेलं. तिथं उठून भांडू का नवऱ्यासंगं?"

तावी त्यांच्याकडे आली. पाहुण्याला द्यायची शेवाळाची कढी तिने वाडग्यातून आणली होती. कलावतीबाईंनी वैजयंताला विचारायला लावलं: त्या बाईच्या नवऱ्याचं नाव काय? तावीने आठवून पाहिलं, शेजारणीला विचारलं, शेजारणीने म्हाताऱ्याला विचारलं. तिघांनी माना हलवल्या. गायचा म्हणे बरा, एवढंच.

कलावतीबाई हसायला लागल्या. जांभळ्या केसांची चेटकीण हसून हसून खोकली, तेव्हा पोरं घाबरून मागे सरली.

"बियाणं पुन्हा पेरलं तर काय सांगतील गं हे?" त्यांनी दम घेऊन विचारलं.

"बाबा सांगायचे ते."

"म्हंजे पोहून गेले, ते."

"हो."

चष्मा काढल्यावर त्या कितीतरी वेळ तो मांडीवर धरून बसल्या. काचांना पदर लावला, पुन्हा लावला.

"मला ते पायजेत, वैजू. आजबी पायजेत."

"माहीत आहे मला."

"पण त्यांच्यासाठी ह्या बाईचं तोंड बंद करायचं, हे त्यांनाबी रुचलं नसतं. थट्टा लई केली माझी, पण उभ्या जन्मात कुणाला कीर्तनातून उठवलं न्हाई." त्यांनी चष्मा खाली ठेवला. "हरकतीचा कागद कोणता?"

*

हरकत पोचली, मुदत सुरू झाली, आणि वैजयंता कागदावर तासांचे भागाकार करत बसली. तेवढ्यात दगडूअप्पा हालकुडे येऊन टेकले. मारुतीच्या देवळातला सप्ताह गेली बावीस वर्षं अप्पा चालवत.

"लेक कसला हिशेब घालायलीय?"

कलावतीबाईंनी एका दमात सांगितलं. "सात दिवस त्या खेळात सारखं कुणीतरी पायजे, अप्पा. एकाला तीन तास. मधी खंड पडला की ती माणसं पुढं पळतात."

"मग अडलंय कुठं?" अप्पा म्हणाले. "पहारे लावू."

वैजयंताने वर पाहिलं. लहानपणापासून डोळ्यांसमोर असलेली गोष्ट तिला सुचली नव्हती. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पहाऱ्यामागून पहारा, आणि प्रत्येकाची वेळ आधी वहीत लिहिलेली असते. पुण्यात जी माणसं मिळत नव्हती, ती अप्पांनी संध्याकाळपर्यंत वहीत उतरवली. छप्पन्न पहाऱ्यांपुढे नावं, वर नऊ राखीव.

"पहाटेचे पहारे कोण घेईल, अप्पा?"

"गुंडरे मास्तर. त्यांना तशीबी झोप न्हाई, बायकोला तेवढाच आराम."

दुसऱ्या दिवशी देवळाच्या मंडपात चार चष्मे मांडले. तोवर दरीत दहाएक वर्षं गेली होती, तावीचे केस पिकू लागले होते. पहिल्याच दिवशी अडचण निघाली. हातात वीणा नाही तर पहारा कसला, म्हणून मंडळी अडून बसली. खेळात वीणा नव्हती. वैजयंताने खेळातल्या वस्तू घडवणाऱ्या कारागिरांना विनवून एका धनुष्याला भोपळा जोडून घेतला. खेळाच्या लेखी ते शस्त्रच राहिलं, त्यामुळे एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती देता येई. वेष मिळतील तसे घेतले. अप्पांना शेपूट असलेला तिरंदाज मिळाला. सराफाच्या दुकानातल्या सविताकाकू सात फुटी योद्धा झाल्या आणि तीन तास त्यांनी चिलखतातून गुडघेदुखीबद्दल बोलून काढले.

दरीच्या लोकांनी आजवर खेळाडू पाहिले होते ते वाट विचारून पळणारे. हे निराळेच होते. एक जण जायच्या आत दुसरा येई. दोघं एकमेकांच्या पाया पडत, भोपळा लावलेलं धनुष्य गळ्यात घालत आणि मग गप्पा मारत बसत. भाकरीला तुम्ही काय घेता, सुनेला काय म्हणता, म्हातारपणी कान जातात का. गुंडरे मास्तरांनी अठरा शेवाळांची नावं अठरा वेळा चुकून शेवटी बरोबर म्हणून दाखवली, तेव्हा केरू नावाच्या एका म्हाताऱ्याने त्यांना मिठी मारली. दोघांची गट्टी जमली. अनुवादक सगळं ऐकत होता. तिसऱ्या दिवशी अंक सत्तावीस झाला, पाचव्या दिवशी चौतीस.

पाचव्या दिवशी दुपारी खंड पडला.

पहारा किराणावाल्या धोंडिबांचा होता, आणि पुढचा त्यांच्या थोरल्या चुलत्यांचा. चुलते मंडपात येऊन बसले. आता थोरल्यांच्या पाया पडायचं ते डोळ्यांवर चष्मा ठेवून कसं? देवळात शिरताना चप्पल काढावी तितक्या सहज धोंडिबांनी चष्मा काढला आणि चुलत्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. चुलत्यांनी घरच्यांची चौकशी केली. धोंडिबांनी सांगितली. त्यांना चष्मा लावायची आठवण झाली तोवर चार मिनिटं गेली होती.

चार मिनिटं म्हणजे दरीतले दहा दिवस.

वैजयंता धावत आली आणि चुलत्यांबरोबर आत शिरली. पहिली बातमी वाईट होती. केरू म्हातारा त्या दहांतल्या सातव्या दिवशी गेला. तो रोज सकाळी वेशीपर्यंत येऊन मास्तरांची वाट बघत होता. हे मास्तरांना कसं सांगायचं, याचा विचार करतच ती चौकात आली आणि थांबली.

माणूस चष्मा काढून नाहीसा झाला की त्याच्या हातातली वस्तू तिथेच पडते. वीणा तशीच पडायला हवी होती. ती पडलेली नव्हती. चौकातल्या सपाट दगडावर तावीची धाकटी बहीण वीणा गळ्यात घालून उभी होती. पाय सुजले होते. तिच्यामागे सावलीत चार जण आपापली पाळी धरून बसले होते. तावी पुढे आली, आणि अनुवादकाने पहिल्यांदाच न अडखळता सांगितलं: "तुमचा माणूस गेला. पुढचा आला नाही. खाली ठेवायची नसते हे आम्ही बघितलं होतं. म्हणून धरली. दहा दिवस धरली."

सात फुटी योद्ध्याच्या वेषातल्या चुलत्यांनी हात जोडले. "चुकलो, माय," एवढंच ते म्हणाले.

मास्तरांनी केरूची बातमी शांतपणे ऐकली. त्या पहाटे ते नेहमीच्या वेळी आत गेले, आणि तीन तास केरूच्या नातवाकडून शेवाळांची नावं पुन्हा पहिल्यापासून शिकले.

*

सातव्या दिवशी सकाळी अंक बेचाळीसवर गेला. पेंडसे सरांचा फोन आला.

"ताई, हे कसं केलंत? मला लेखी हवंय. आणि दरी राहील. आता पाया पक्का झालाय, आठवड्यातून एक पहारा पुरेल अनुवादकाला."

"म्हणजे मधले दिवस काळ पळणार."

"पळणारच. तो खेळच तसा आहे."

शेवटचा पहारा काल्याचा. तो कलावतीबाईंनी मागून घेतला होता. दरीच्या लोकांनी आपापल्या घरून जे असेल ते आणून एका मोठ्या खोलगट दगडात कालवलं. सगळ्यांना वाटून झालं तेव्हा वैजयंता आईजवळ आली.

"आई, अप्पा म्हणतायत, अजून सात दिवसांचे पहारे लावता येतील. तावी, तिची बहीण, सगळे आपल्यासोबतच राहतील. तू बाहेर पडलीस की..."

"कळतंय मला. आठ-धा दिवसांमागं कळत नव्हतं." कलावतीबाईंनी चौकाकडे पाहिलं. तावीची लेक पोटुशी होती. या सप्ताहात तिचे जेमतेम पंधरा-सतरा दिवस पुढे सरकले होते. "ह्या पोरीला बाळंत होऊ द्यायचं का न्हाई? माझी माणसं रहावीत म्हणून ह्यांना कितीक दिवस धरून ठेवू?"

त्या तावीसमोर उभ्या राहिल्या. गळ्यातली वीणा काढली. पुढचा पहारेकरी मंडपात नव्हता, वहीत नाव नव्हतं. कलावतीबाईंनी वीणा तावीच्या गळ्यात घातली.

"आता तुमचा पहारा," त्या त्यांच्या निलंग्याच्या बोलीतच म्हणाल्या.

तावीने वीणेवरून हात फिरवला आणि काहीतरी विचारलं. अनुवादकाने कानात सांगितलं: "तुमचं नाव काय? आम्ही विचारलंच नाही."

कलावतीबाईंनी वैजयंताकडे पाहिलं, मग तावीकडे.

"मी ह्या लेकीची आई," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी चष्मा काढला.

पडद्यावर दरीचं घड्याळ पळू लागलं. वैजयंता त्याकडे बघत राहिली. कलावतीबाईंनी बघितलं नाही. मंडपात जेवणारी माणसं होती, तिकडे त्या वाढायला गेल्या.

पुढचा पहारा आठ दिवसांनी होता. तिकडे ऐंशी वर्षं. या खेपेला सोबत अप्पा नव्हते, मास्तर नव्हते, मायलेकी दोघीच. चौक वाढला होता, ओढ्यावर दगडी पूल झाला होता. सपाट दगड तोच होता आणि त्यावर एक तरणी बाई वीणा घेऊन उभी होती. चेहऱ्यात तावीचं काही होतं की नव्हतं, सांगता येत नव्हतं. त्या बाईने पाहुण्यांना पाहिलं आणि हसून बोलायला सुरुवात केली. वैजयंताच्या कानात अनुवादक सुरू झाला.

"माझा बंद कर," कलावतीबाई म्हणाल्या. "मला नुसतं ऐकू दे."

त्यांनी मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकलं.

"कळलं?"

"निम्मं." त्यांनी थोडा विचार केला. "ह्यांचं कीर्तन पहिल्यांदा ऐकलं, तवाबी निम्मंच कळलं होतं."

त्या बाईने गळ्यातली वीणा काढून पुढे केली. तिचा पहारा संपला होता. कलावतीबाईंनी हातातली काठी बाजूला ठेवली आणि वीणा घेण्याआधी त्या तिच्या पाया पडायला वाकल्या.